चुकामूक

हस्ताचा पाऊस पडून गेला, लाईट आली,
तशी शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात
नळीभोवती पाखरांचा नुसता चुराडा उडाला.
मालूताई कोरगावकरांनी खाली परातीत पाणी ठेवलं.
मी नाही ठेवलं.
उंबऱ्याशी पाट टाकून बघत बसले.

उडणं कसलं ते, पडायची घाई.
फरशीला टेकली की अंग वळवतात, एक झटका,
चारी पंख बाजूला, भाड्यानं आणल्यासारखे.
मग एखादी मादी भिंतीकडेला थांबते,
पोट वर उचलून धरते.
हाक मारत नाही. वास सोडते.
हे सगळं मला यांनी सांगितलेलं,
वास मला कधी आला नाही.

आणि नर? जो आधी पोचेल तो.
नाडी नाही, गण नाही,
कसबा बावड्याची आत्या मध्यस्थीला नाही.
मिशांनी तिची पाठ चाचपत मागं लागतो
आणि ती चालायला लागते.
घर ती शोधते. तो फक्त सुटत नाही.

एकोणनव्वदच्या पुरात ही चौकट भिजली,
वर्षभरात पोकळ झाली.
तात्यांनी औषधवाला बोलावला. आले ते हे.
गुडघ्यावर बसून गिरमिटानं उंबऱ्याला भोकं पाडत होते,
मी बॅटरी धरली होती.
रॉकेलच्या वासात, मान वर न करता म्हणाले,
"मधमाशीतला नर मरतोय बघा, लगीन लागलं की.
ह्यांच्यातला न्हाई मरत. राणीसंगं कोंडून घेतोय,
पंधरा-पंधरा वर्सं."
बॅटरी हलली. "सरळ धरा की," म्हणाले.
आठ दिवसांनी त्यांची आई आली.
कुणी कुणाला निवडलं, मला विचारू नका.
बॅटरी धरायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्याच नवरात्रात महाद्वार रोडला चुकलो,
तेव्हा नियम ठरला:
मी असेन तिथं उभं राहायचं, शोधायचं त्यांनी.
"वाळवीतबी असंच हाय. जोडी सुटली
की मादी थांबतीय, नर पळतोय.
दोघंबी पळाली तर गाठ पडंल व्हय?"
चप्पल लाईनला उभी राहिले, जोतिबाच्या पायऱ्यांवर,
एकदा मिरजेच्या फलाटावर दोन तास.
आले. दर वेळी आले, घामेजलेले,
आणि चिडलेले माझ्यावरच.

गेल्या श्रावणात रात्री गंगावेशीला दूध प्यायला गेले.
सवयीनं मी दारात थांबले.
नऊ वाजले. अकरा वाजले.
मग पोटात खड्डा पडला.
दोघं पळाली तर काय, ते त्यांनी सांगितलं होतं.
दोघंही थांबली तर,
ते नव्हतं सांगितलं.

म्हशी परत गेल्या होत्या.
ओल्या कट्ट्यावर हे एकटे,
रिकामा पेला हातात, शहाण्या मुलासारखे.
"मी थांबलोय की कवाचा," म्हणाले.

आता पुढं मी असते.
भाजीला, बँकेत, दवाखान्यात.
पदराचं टोक त्यांच्या मुठीत.
वळून बघावं लागत नाही,
ओढ लागते आहे तोवर आहेत.
पेठेतली पोरं हसतात. हसू देत.

आजची ती जोडी भिंतीकडेनं गेली,
मधे माझं पायपुसणं आलं, त्याला वळसा घातला,
आणि उंबऱ्यात, जुनी भोकं लांबीनं बुजवलीत
त्याच्या जरा अलीकडं,
दिसेनाशी झाली.
आतून हाक आली, कितीतरी दिवसांनी इतकी खणखणीत:
"अगं, वास येतोय मला. पंप कुठं ठेवलायस?"
पंप मोडीत घालून सात वर्षं झाली.
म्हटलं, शोधते.
आणि बसून राहिले.